पहिला गायक की दुसरा

खोली बघायला गेलो तेव्हा सरांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, बसा म्हणाले नाहीत. दारातच उभं करून त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूचे? पहिल्याच्या की दुसऱ्याच्या?"

बारामतीत नव्यानं आलेल्या माणसाला असा प्रश्न कुणी विचारला तर तो राजकारणाचाच असणार, अशी माझी समजूत. मी साताऱ्याकडचा, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच रुजू झालेला. जपून म्हणालो, "मी इथं नवीन आहे. अजून काही ठरवलेलं नाही."

"उत्तम," सर म्हणाले. "सामान कधी आणताय?"

पहिला आणि दुसरा हे गायक होते, तेही एका इंग्रजी बँडचे, हे मला सामान आणल्यावर कळलं.

सर आयटीआयमध्ये वायरमन शिकवायचे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, त्यामुळे सगळ्यांसारखा मीही त्यांना सरच म्हणायचो. दिसायला अगदी सरळ माणूस. डोक्याला तेल, डाव्या बाजूनं भांग, पांढरा टेरिकॉटचा शर्ट, खिशाला टेस्टर. दारू नाही, सिगारेट नाही, चहासुद्धा दुपारनंतर नाही. असा माणूस संध्याकाळी खोलीवर यायचा, हातपाय धुवायचा, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडायचा आणि मग तिच्या खालीच मांडलेल्या, स्वतः जोडलेल्या ॲम्प्लिफायरचं बटण दाबायचा. त्यानंतर खोलीत जे सुरू व्हायचं त्याला सर ऐंशीच्या दशकातला हार्ड रॉक म्हणायचे. मला पहिल्या दिवशी वाटलं, रॉकेलचा टँकर जिन्यावरून खाली चाललाय.

खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे. ते एकदा वर आले आणि दारात उभं राहून बराच वेळ ऐकत राहिले.

"सर, ही मानसं भांडत्यात का गात्यात?"

"गाताहेत."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून ते खाली गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

सर गाणं उभं राहून ऐकायचे. पाय थोडे फाकलेले, हात मागे बांधलेले, नजर स्पीकरवर. मान डोलावणं नाही, पाय आपटणं नाही. मी एकदा म्हणालो, बसा की. तर म्हणाले, "समोर चार माणसं जीव तोडून काम करताहेत आणि आपण बसायचं?"

त्या बँडांची इंग्रजी नावं माझ्या तोंडात काही बसेनात. म्हणून मी कॅसेटवरची चित्रं बघून माझी नावं पाडली. एका कॅसेटवर आग विझवायचा बंब स्वतःच पेटलेला दाखवला होता, ते बंबवाले. आणखी काही जण केस फुगवून, ओठ रंगवून, नवरीसारखे नटून उभे असायचे, ते सगळे मिळून केसवाले. आणि नव्वद उजाडल्यावर जे आले, अंगात मळका स्वेटर आणि चेहऱ्यावर नुकताच नापास झाल्याचा भाव, ते फाटक्या स्वेटरवाले. सरांना ही नावं इतकी आवडली की तेही तीच वापरायला लागले.

बंबवाले हे सरांचं दैवत. दशकाच्या सुरुवातीला त्यांचा जो गायक होता तो पहिला. मधेच त्याचं बाकीच्यांशी बिनसलं, तो निघून गेला आणि त्याच्या जागी आला तो दुसरा. सरांचं म्हणणं असं की पहिला गेला त्याच दिवशी हार्ड रॉकला कीड लागली. दुसऱ्यानं बँडमध्ये पेटी आणली, म्हणजे तो कीबोर्ड. पेटीबरोबर संथ गाणं आणलं. संथ गाणं खपलं म्हणून केसवाले बोकाळले. केसवाल्यांचा वीट आला म्हणून पोरांनी फाटक्या स्वेटरवाल्यांना डोक्यावर घेतलं, आणि खेळ खलास. एका माणसाच्या राजीनाम्यानं अख्खं दशक बुडालं, असा हा सिद्धांत होता आणि तो सर फळ्यावर वायरिंगची आकृती काढावी तशा शांतपणे मांडायचे.

पण बारामतीत हे ऐकणार कोण? त्यांच्या आयटीआयमध्ये एकजण होता ज्याला एवढंच माहीत होतं की इंग्रजी गाणी असतात. म्हणून तर मला खोली मिळाली. कॉलेजात असताना मी वादविवाद स्पर्धेत बक्षिसं मिळवली होती, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"उद्यापासून तुम्ही दुसऱ्याच्या बाजूनं," त्यांनी जाहीर केलं. "मी पहिल्याच्या. रोज मेसवरून आल्यावर."

"पण मला त्या दुसऱ्याबद्दल काहीच माहीत नाही."

"वकिलाला तरी कुठं माहीत असतं?"

आणि खरोखरच रोज रात्रीचं जेवण झालं की आमचा वाद सुरू व्हायचा. मी सवयीनं उभा राहून "माननीय अध्यक्ष महाराज" म्हणायचो आणि सर म्हणायचे, "अध्यक्ष नाहीत इथं. मुद्द्यावर या." मग मी म्हणायचो, मुख्याध्यापक बदलले म्हणून शाळा बदलते का? सर म्हणायचे, बदलते, तुमच्याच कॉलेजात विचारून बघा. मी म्हणायचो, काळाप्रमाणे बदलावं लागतं. सर म्हणायचे, वायरमन असं म्हणायला लागला तर घरं पेटतील. मी रोज हरायचो. एकदा मी जरा वैतागून म्हणालो, निदान त्या दुसऱ्याची कॅसेट तरी ऐकवा, म्हणजे मला मुद्दे मिळतील. तर सर गंभीर झाले. "ती मी घरात ठेवत नाही," म्हणाले, आणि हा विषय तिथंच संपला.

त्यांच्याकडे एक काळा टी-शर्ट होता. पुण्यात कॅम्पातल्या फुटपाथवर मिळालेला, छातीवर पेटलेला बंब. तो त्यांनी उघड कधी घातला नाही. पण प्रात्यक्षिक परीक्षा असली, वरच्या साहेबांनी बोलावलं असलं, दातांच्या डॉक्टरांकडे जायचं असलं, म्हणजे धीर लागेल असं काहीही असलं की ते तो टी-शर्ट पांढऱ्या शर्टाच्या आत घालायचे. "आत बंब असला की बाहेर बोलायला बरं पडतं," असं त्यांचं मत.

मला सर खरे कळले ते गुलाबवाल्या प्रकरणात. त्या दिवसांत इंदापूर रस्त्याला एका बागायतदारानं काचघरासारखं प्लास्टिकचं मोठं घर उभारून गुलाब लावले होते, आणि ते बघायला हॉलंडहून एक तज्ज्ञ येणार आहे अशी बातमी होती. सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आत टी-शर्ट चढवला. मला राजदूतवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो.

साहेब चांगला सहा फुटी, लालबुंद, घामानं निथळत असलेला. त्याच्याभोवती शेतकऱ्यांचा घोळका, खतांचे प्रश्न चाललेले. सर शांतपणे आपली पाळी येईपर्यंत थांबले. मग पुढं होऊन त्यांनी पाठ केलेल्या इंग्रजीत विचारलं की आपण बंबवाल्यांना कधी प्रत्यक्ष बघितलंय का?

साहेब चमकला. मग त्याचा चेहरा उजळला. हो, बघितलंय ना, म्हणाला. तरुणपणी. मोठ्या मैदानावर.

सर आणखी एक पाऊल पुढं सरकले. "पहिला होता की दुसरा?"

साहेबानं डोकं खाजवलं. आठवत नाही म्हणाला. त्या दिवशी मी बराच वेळ संडासाच्या रांगेत होतो. मग एका मुलीशी बोलत होतो. नंतर पाऊस आला. हे सगळं त्यानं हसत हसत सांगितलं आणि पुन्हा खतांकडे वळला.

परत येताना वाटेत अंथुर्णं लागलं. तिथं टपरीवर गाडी थांबवून सरांनी, दुपार उलटून गेलेली असताना, चहा मागवला. "त्यानं बघितलंय," ते कपाकडे बघत म्हणाले. "आणि त्याला आठवत नाही." मग म्हणाले, "मी गावाकडं, वडगावात, वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं. तेही खरखरीतून. मला सगळं आठवतं."

त्या संध्याकाळी आमचा वाद झाला नाही. अंथरूण घालताना सर म्हणाले, "एक सांगू का? तुम्ही हरता, पण पटून हरत नाही. कंटाळा येतो म्हणून हरता."

ते खरं होतं. दोन वर्षं रोज एका माणसाशी वाद घालूनही हा माणूस एकटाच होता.

सरांचे वडील आबा वडगाव निंबाळकरला असत. थोडा ऊस, चार म्हशी. एकुलत्या मुलाचं लग्न हे त्यांचं त्या काळातलं मुख्य काम. स्थळ आलं की ते सकाळच्या एसटीनं बारामतीला यायचे, जय भीम करून खाटेवर बसायचे आणि सरांना सोडून माझ्याशी बोलायचे, कारण सरांशी बोलण्यात अर्थ नाही असं त्यांचं अनुभवानं झालेलं मत होतं.

"गुरुजी, ह्येला काय तरी सांगा. पोरगी बघाया जातो आमी. हा तिला इचारतो, तुला गानं आवडतं का. ती म्हनती व्हय. का न्हाई म्हनंल? मग हा तिला समजावून सांगाया लागतो. पव्हं गार हुत्यात. पोरीची आई रडकुंडीला येती."

"मी फक्त पार्श्वभूमी सांगतो," सर म्हणाले.

"फलटणच्या पोरीला एवढी पार्श्वभूमी सांगितली की ती आत गेली ती भाईर आलीच न्हाय."

असं पाच-सहा ठिकाणी झाल्यावर एका एप्रिलमध्ये आबा आले तेच थकल्यासारखे. अंथुर्ण्याचं स्थळ होतं. आपल्यातलीच माणसं, मुलगी इंदापूरला कॅनॉलवर इंजिनिअर. "ह्ये शेवटचं," आबा म्हणाले. "ह्याच्याफुडं मी कुनाच्या दारात जानार न्हाय. आन तितं त्या बँडाचं नाव काढलं, तर मी उठून चालत वडगावला जाईन. एसटीनं न्हाय. चालत."

सरांनी मान हलवली. निघायच्या आधी त्यांनी मला एकट्याला कोपऱ्यात घेतलं. "मी नाव काढणार नाही," म्हणाले. "मलाही आता वाटतं, घरी आल्यावर कुणीतरी असावं." मग शर्टाची बटणं लावायला लागले आणि मी बघितलं, आत काळा टी-शर्ट होता.

अंथुर्ण्याला रस्त्यालगत मळा होता. मुलीच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. मोठा मायाळू माणूस. भाजीपाला करायचे आणि मुलीबद्दल बोलताना "आमच्या बाईसाहेब" म्हणायचे. ओसरीवर पंखा होता पण वीज नव्हती. आम्ही सतरंजीवर ओळीनं बसलो. मुलगी आली. उंच, सावळी, उन्हात फिरून रापलेला चेहरा, हातात मोठं मनगटी घड्याळ. पोहे दिले आणि माजघराच्या उंबऱ्याशी खुर्ची ओढून नीट टेकून बसली.

आबांनी नोकरीचं विचारलं. तात्यांनी सरांच्या नोकरीचं विचारलं. सर विचारलं तेवढंच सांगत होते. संगीत हा शब्दसुद्धा आला नाही. आबांचा चेहरा हळूहळू सैल व्हायला लागला. आणि गारवा काहीच नसल्यामुळं सरांना घाम फुटायला लागला.

"मुलीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या," आबा उदारपणे म्हणाले.

ती थोडी पुढं झुकली. सरांच्या छातीकडे बघत होती. मी वळून बघितलं आणि माझ्या घशात पोहे अडकले. घामानं पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता आणि त्यातून पेटलेला बंब, शिडी, नळी आणि चारी चाकांसकट स्वच्छ दिसत होता.

तिनं बंबवाल्यांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बरोबर उच्चारात.

सरांनी आबांकडे बघितलं. त्या नजरेत इतकी याचना होती की आबांनी मान फिरवली आणि बाहेरच्या कडुलिंबाकडे बघायला लागले. नाव सरांनी काढलेलं नव्हतं. करार मोडलेला नव्हता.

"तुम्ही ऐकता?" सरांनी विचारलं.

"हॉस्टेलला होते ना पुण्यात, डिप्लोमाला. माझी रूममेट मिझोरामची होती. ती दुसरं काही लावायचीच नाही. पहिलं वर्षभर माझं डोकं दुखायचं. मग तिचं दुखलं तरी मीच लावायला लागले."

"मग पहिल्याच्या वेळच्या कॅसेटी ऐकल्या असतील."

"सगळ्या. पहिला नुसता ओरडतो."

सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मागे हात बांधायची सवय, पण बसलेले असल्यामुळं ते जमेना, म्हणून त्यांनी मांडीवरच हात बांधले. आणि मग जे सुरू झालं ते मी दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं. सर म्हणाले, पहिल्याच्या आवाजात धार होती. ती म्हणाली, धार होती पण पट्टी एकच होती. सर म्हणाले, गिटार पुढं यायला गायकानं जागा द्यावी लागते, ती पहिल्यानं दिली. ती म्हणाली, जागा दिली नाही, त्याला मधल्या वेळात दम लागायचा. सर म्हणाले, दुसऱ्यानं पेटी आणली. ती म्हणाली, पेटी ढोलवाल्यानं आणली, दुसऱ्याच्या नावावर खपवू नका, त्याची मुलाखत आली होती, माझ्या मैत्रिणीकडे होती. सर म्हणाले, केसवाल्यांचं पाप कुणाचं? ती म्हणाली, केसवाले कोण? मग मी मधे पडून तो शब्द समजावला आणि ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की आतून तिची आई बघायला आली.

तात्या आबांच्या कानाला लागले. "काय झालं? काय वंगाळ बोलली का आमची?"

"न्हाय न्हाय. आमचंच वंगाळ हाय."

"मोडलं का?"

"मोडायला अजून जुळलंय कुठं," आबा म्हणाले. पण उठले नाहीत.

आमची एसटी रस्त्यावरून हॉर्न वाजवत निघून गेली. कुणी बघितलंही नाही. वाद त्या एका कॅसेटवर येऊन ठेपला होता, दुसऱ्यानं गायलेली पहिली कॅसेट, जिथून सगळं बिघडलं असं सर म्हणत. सरांनी आपला सिद्धांत पहिल्यापासून मांडला, राजीनाम्यापासून स्वेटरपर्यंत. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "त्या कॅसेटचं तिसरं गाणं कशावर संपतं?"

सर गप्प.

"सोपं आहे. गिटारवर संपतं, ढोलावर संपतं, का आवाजावर?"

मला वाटलं, उन्हानं त्यांना चक्कर वगैरे आली.

"तुम्ही ती ऐकलीय का?"

सरांनी आधी सतरंजीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नाही," म्हणाले.

दोन वर्षं मी ज्या कॅसेटची बाजू लढवत होतो ती मी ऐकलेली नव्हती हे ठीक होतं. पण जो रोज मला हरवत होता त्यानंही ती ऐकलेली नव्हती. मला राग यावा का हसू, ते ठरेना.

"का नाही ऐकली?" तिनं विचारलं. आवाज आता वादाचा नव्हता.

"भीती वाटायची," सर म्हणाले. "आवडली तर काय करायचं?"

ती उठली आणि आत गेली. आबांनी मला कोपरानं ढोसलं, "ग्येली. फलटणसारखीच ग्येली." पण ती परत आली. हातात एक कॅसेट होती, कव्हरवर निळ्या शाईनं मैत्रिणीच्या हातचं नाव. ती तिनं सरांच्या समोर ठेवली.

"पूर्ण ऐका. मग मला सांगा. आत्ता विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे. न ऐकता कुणाला नापास करणाऱ्या माणसाबरोबर मी आयुष्य कसं काढू?"

तात्या कळवळून म्हणाले, "बाईसाहेब, आवो पावनं हायती." पण ती नमस्कार करून आत गेली होती.

ती कॅसेट चार दिवस बुद्धाच्या तसबिरीखाली पडून होती. सर तिच्याकडे बघायचे आणि दुसरीच काहीतरी लावायचे. शेवटी आबाच वडगावहून आले. दुधाची बरणी दारात ठेवली आणि म्हणाले, "ऐकली?"

"नाही."

"लाव."

"आबा, तुम्हाला त्रास होईल."

"तुज्यापायी फलटन झालं, दौंड झालं, जेजुरी झाली. आता ह्ये व्हायचं ऱ्हायलंय. लाव म्हनतो ना."

सरांनी लावली. नेहमीसारखे हात मागे बांधून उभे राहिले. आबा खाटेवर मांडी घालून, मी दारात. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं ढोलावर संपलं, हे मी आवर्जून लक्षात ठेवलं. आबा म्हणाले, "ह्यो बी वराडतोयच की. मग एवढं भांडान कशापायी?" मग पेटीचे सूर आले आणि संथ गाणं सुरू झालं. अगदी हळू, एखादा माणूस दुरून येतोय आणि यायची त्याला काही घाई नाही, असं. मी सरांकडे बघितलं. ते खाली बसले होते. स्पीकरच्या समोर, फरशीवर, भिंतीला टेकून.

गाणं संपल्यावर त्यांनी कॅसेट मागे फिरवून तेच पुन्हा लावलं.

"आवडलं का काय?" आबांनी विचारलं.

"हो," सर इतक्या खिन्नपणे म्हणाले की आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. सरांनी ती मला वायरिंगसारखीच समजावून सांगितली. कॅसेट आवडली असं सांगितलं, तर तिला वाटणार, लग्नासाठी खोटं बोलतोय. आवडली नाही असं सांगितलं, तर ते खोटंच. काही आवडलं काही नाही असं सांगितलं, तर तिला वाटणार, मधला मार्ग काढतोय. "खरं बोलूनही खरं वाटणार नाही," म्हणाले. मी म्हणालो, तिला सगळ्यात जास्त आवडणारं गाणं कुठलं असेल ते आपण आधी ओळखू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

रविवारी आम्ही राजदूतवरून निघालो. तात्यांच्या घरी कळलं, बाईसाहेब कॅनॉलवर आहेत, पाणी सुटलंय, रविवार असो नाहीतर काही. उन्हात कॅनॉलच्या फाट्याच्या कडेनं आम्ही गेलो. पाणी सोडायच्या लोखंडी दारापाशी ती उभी होती, डोक्याला रुमाल, पायांत बूट, दोन शेतकऱ्यांशी पाण्याच्या पाळीवरून बोलत होती. एकाचं म्हणणं होतं, माझं पाणी लवकर बंद केलं. तिनं घड्याळ दाखवलं, तो गप्प झाला. मग तिनं आम्हाला बघितलं. शेतकरी गेले, पण फार लांब नाही.

सर गाडीवरून उतरले. त्या दिवशी त्यांनी आत टी-शर्ट घातलेला नव्हता. मला ते निघतानाच दिसलं होतं, पण मी बोललो नव्हतो.

"ऐकली," सर म्हणाले. "पूर्ण. बऱ्याचदा."

"मग?"

"पहिल्याबद्दल माझं मत तेच आहे. दुसरा वाईट नाही. तिसरं गाणं ढोलावर संपतं आणि ते चांगलं संपतं." त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. "पण मला जे खरं आवडलं ते एकच."

"कुठलं?"

"संथ. पेटीचं."

ती बघत राहिली. पाणी दारातून जोरात वाहत होतं म्हणून तिला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून सरांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"ते?" ती म्हणाली. "त्या कॅसेटमधलं ते? अहो, ते तर आम्ही पुढं ढकलायचो. माझी मैत्रीण दुसऱ्यासाठी जीव टाकायची, तीसुद्धा त्या गाण्याला कान झाकायची. दाढदुखीच्या माणसानं गायल्यासारखं आहे ते."

"मला आवडलं," सर म्हणाले.

"पण तुमचा तर सगळा आक्षेपच संथ गाण्यावर होता."

"होता."

"केसवाले त्यातूनच आले, असं तुम्ही म्हणालात."

"तेही खरंच आहे. तरी आवडलं."

तिनं सरांचा चेहरा नीट बघितला, मघाशी शेतकऱ्याला घड्याळ दाखवताना बघितलं होतं तसा. मग तिला हसू यायला लागलं. आधी तिनं ते दाबलं, मग ते दाबता येईना, आणि ती लोखंडी दाराच्या चाकाला धरून हसत सुटली. "खोटं बोलायचं असतं तर कुणी हे गाणं निवडलं नसतं," ती म्हणाली. "कुणीच नाही. तुमची आवड अगदी भिकार आहे."

"व्हय," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून व्हय मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मी ते घरात लावू देणार नाही."

"मी आयटीआयमध्ये लावीन."

"मग हरकत नाही," असं म्हणून ती वळली आणि लांब उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांना म्हणाली, "काय ऐकताय? चला, तुमचं दार बघू."

परतताना सर बारामतीला थांबलेच नाहीत, गाडी सरळ वडगावच्या रस्त्याला घातली. आणि गाडीवर ते गात होते. ते संथ गाणं, शब्द अर्धे चुकीचे, सूर तर सगळेच. दोन्ही बाजूंनी ऊस, समोरून येणारे सायकलवाले बाजूला होऊन बघत होते, आणि मी मागे बसून, दोन वर्षं ज्या गाण्याविरुद्ध व्याख्यानं ऐकली त्याची पेटी तोंडानं वाजवत होतो.

आबा गोठ्यात म्हशीच्या कासेला बसले होते. गाडी थांबली तरी उठले नाहीत. धार तोडता येत नाही.

"काय म्हनली?"

"म्हणाली, माझी आवड भिकार आहे."

"आजून?"

"म्हणाली, ते गाणं घरात लावू देणार नाही."

आबांचे हात क्षणभर थांबले. मग बादलीत दुधाची धार पुन्हा वाजायला लागली, आधीपेक्षा जोरात.

"घरात म्हनली न्हवं?" ते म्हणाले. "मंजी जमलं."